भूत म्हणजे कॅमेराच: फळी, पाट आणि लिक्विड ग्लुकोज घेऊन हॉरर-कॉमेडी कशी शूट करायची

आम्ही पाच-सहा जण दर दिवाळीच्या सुट्टीत कोकणातल्या मामाच्या जुन्या घरात जमतो आणि आठवडाभरात एक भुताची विनोदी शॉर्ट फिल्म करतो. पैसे नसतातच, पण मोबाइल असतात, मामाकडे सुतारकामाची हत्यारं असतात आणि मागे सुपारीचं आगर आहे. इतक्या वर्षांत जे हाताला लागलं ते सगळं इथे लिहितोय, कारण मला विचारणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात की भूत कॉम्प्युटरवर कसं बनवायचं. माझं म्हणणं असं की बनवूच नका. भूत दाखवायचं नाही, भूत व्हायचं, म्हणजे कॅमेऱ्यालाच भूत करायचं, आणि जे काही सांडायचं, फुटायचं, हलायचं आहे ते नटाच्या समोर खरोखर सांडलं पाहिजे. अंगावर अचानक थंडगार चिकट काहीतरी पडल्यावर माणसाचं जे तोंड होतं ते त्याला नुसतं सांगून होत नाही, आणि हॉरर-कॉमेडीत हसू येतं ते त्या तोंडावरच.

हे शिकायचं असेल तर 1981 चा ईव्हिल डेड आणि 1987 चा त्याचा दुसरा भाग बघा, शक्यतो आवाज बंद करून. पहिला भाग दिग्दर्शक सॅम रायमी आणि त्याच्या मित्रांनी अमेरिकेत टेनेसीमधल्या मॉरिसटाउनजवळच्या एका ओसाड लाकडी घरात शूट केला, 1979 च्या हिवाळ्यात, 16 एमएम फिल्मवर. महागडी ट्रॉली किंवा स्टेडीकॅम (अंगावर बांधून धक्के न बसता कॅमेरा नेता येतो ते यंत्र) परवडत नव्हता म्हणून त्यांनी एका लांब लाकडी वाशाच्या मधोमध कॅमेरा बसवला आणि दोन टोकांना दोघं धरून जंगलातून धावत सुटले. जंगलातून घराकडे झेपावणारी ती अदृश्य शक्ती म्हणजे एवढंच. तिला ना चेहरा ना आकार, तरी अंगावर काटा येतो.

पहिली पायरी: फळी

आमच्या प्रत्येक फिल्मची सुरुवात इथूनच होते म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

सहा फूट लांबीचा दोन बाय चार इंचाचा वासा घ्या. पाइनचा घेतला तर चार-पाच किलोच्या आसपास भरतो, आणि हे वजन हवंच आहे, हलकी पट्टी घेतली तर प्रत्येक पावलाचा धक्का थेट कॅमेऱ्यात येतो. लांबीचं कारण पण समजून घ्या. धावताना दोघांचे हात वर-खाली होणारच, पण कॅमेरा मध्यावर असल्यामुळे एकाच्या हाताचा धक्का तिथे अर्धाच पोचतो, आणि दोघांची पावलं वेगवेगळी पडत असतील तर एक टोक वर जाताना दुसरं खाली येतं आणि मधला भाग बऱ्यापैकी जागेवर राहतो. फळी जितकी लांब तितका कॅमेरा कमी कलंडतो. आमची पहिल्या वर्षी इथेच चूक झाली, दोघे भाऊ शाळेत लेझीम खेळलेले, त्यांची पावलं आपोआप एका तालात पडायची आणि सगळा शॉट बैलगाडीत बसल्यासारखा. तेव्हापासून सांगूनच ठेवतो की दोघांनी एकदम पाऊल टाकायचं नाही, एकाने आधी सुरुवात करायची, दुसऱ्याने अर्ध्या पावलानंतर. उंचीने सारखे दोघं निवडा, नाहीतर क्षितिज तिरकं येतं.

मोबाइल लावायला ट्रायपॉडवर येतो तो स्क्रूवाला होल्डर घ्या, फळीला आरपार भोक पाडून बोल्टने आवळा आणि वरून सुतळीने एकदा बांधा, कारण झाडाला धडक बसली की होल्डर पहिला सुटतो. मोबाइल फळीच्या वर नाही, खाली उलटा लटकवायचा. हात सरळ सोडून धरलं तर फळी गुडघ्याच्या थोडी वर राहते आणि लटकलेला मोबाइल जमिनीपासून दीड-दोन फुटांवर येतो, एडिटमध्ये चित्र सुलटं करून घ्यायचं. लेन्स सगळ्यात वाइड, म्हणजे मोबाइलमधली 0.5 वाली. वाइड लेन्समध्ये थरथर कमी जाणवते, जवळची गवताची पाती भसकन अंगावर येतात आणि आपण धावतोय त्याच्या दुप्पट वेगाने काहीतरी चाललंय असं वाटतं. कॅमेरा खाली नेल्याशिवाय हा वेग येत नाही, माणसाच्या उंचीवरून धावलात तर तो नुसता कुणीतरी धावतोय असा शॉट होतो.

दोघांच्या मध्ये पाच-सहा फूट जागा असते हे विसरू नका, हीच या फळीची मजा आहे. एखादं झुडूप, दगडी पाळ, पालथी पाटी असं काहीतरी वाटेत ठेवा, धावणारे दोघे त्याच्या दोन बाजूंनी जातील आणि कॅमेरा त्याच्यावरून चाटून जाईल. प्रेक्षकाला वाटतं की हे माणसाच्याने होणार नाही, आणि भूत म्हणतात ते त्यालाच.

अडचण दारात येते. सहा फुटी फळी तीन फुटी दारातून जात नाही आणि एकामागे एक होऊन लांबीत नेली तर पुढचा माणूस फ्रेममध्ये. त्यामुळे दाराच्या फळकुटाला कॅमेरा जवळजवळ टेकेपर्यंत न्यायचा, चित्र पूर्ण काळं झालं की कट, आणि आतला शॉट अडीच फुटी छोट्या फळीवर काळ्यातूनच सुरू करायचा. नीट जमलं तर जोड कुणाला कळत नाही. जुन्या घराचे काळेभोर दरवाजे असतील तर कामच सोपं.

कधी शूट करायचं? पूर्ण रात्री मोबाइलच्या चित्रात दाणे येतात. सूर्य मावळल्यावर साधारण वीस मिनिटं जी कातरवेळ असते त्यात करा, एक्सपोजर हाताने लॉक करून थोडं खाली ओढा. फ्रेम रेट 25 आणि शटर 1/50 ठेवा, आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे म्हणून घरातले दिवे असे लुकलुकत नाहीत. वीस मिनिटांत तीन-चार टेक होतात, तेव्हा तालीम दुपारीच करून घ्या आणि वाटेतले दगड, काटे, नारळाची सोडणं काढा. दोघांनीही बूट घालायचेच.

पाट आणि सनमायका

घरातल्या संथ शॉटसाठी, म्हणजे झोपलेल्या माणसाकडे हळूहळू सरकणारं काहीतरी, ईव्हिल डेडवाल्यांनी लाकडावर व्हॅसलीन फासून त्यावरून कॅमेरा घसरवला होता आणि त्याला नाव दिलं होतं व्हॅसोकॅम. आम्ही जेवायचा पाट वापरतो. सुताराकडून सनमायकाची लांब पट्टी आणायची, जमिनीवर टेपने चिकटवायची, पाटाच्या खालच्या पट्ट्यांना बोटभर व्हॅसलीन लावायचं, पाटावर मोबाइल पक्का करायचा आणि पाटाला दोरी बांधून ओढायचं. ढकलायचं नाही हं, ढकललं की सुरुवातीला झटका बसतो. खोबरेल तेल पण लावून बघितलं, ते पसरतं आणि नंतर जमीन घसरडी होते, नको.

वेग आणि उलटं शूटिंग

मूकपटांपासून चालत आलेली युक्ती म्हणजे कॅमेऱ्यातली फिल्म हळू फिरवायची, म्हणजे पडद्यावर हालचाल जलद दिसते. ईव्हिल डेडच्या दुसऱ्या भागात नायक झाडाझाडांतून गरागरा फिरत फेकला जातो त्यासाठी ब्रूस कॅम्पबेलला एका फिरत्या सांगाड्याला बांधलं होतं आणि कॅमेरा कमी वेगाने चालवला होता. मोबाइलवर आपण एडिटमध्ये वेग वाढवायचा, पण 130 ते 150 टक्क्यांच्या वर गेलात की ते लग्नाच्या व्हिडिओतल्या फास्ट फॉरवर्डसारखं दिसायला लागतं. आणि सगळा शॉट जलद करू नका, फक्त झेप. नटाला सांगा की पापण्या कमी लवव, कारण जलद केल्यावर डोळ्यांची फडफड हास्यास्पद दिसते, आणि ती आपल्याला नको असते तिथे दिसते.

उलटं शूटिंग मात्र जितकं वापराल तितकं कमी. कोयता सपकन येऊन कानाशेजारच्या खांबात रुततो असा शॉट घ्यायचा असेल तर कोयता खरा घ्यायचाच नाही, थर्माकोलच्या खांबात पुठ्ठ्याचा, चंदेरी कागद लावलेला कोयता आधीच खोचून ठेवायचा, नट त्याला चिकटून उभा, आणि कॅमेरा चालू झाला की कोयता जोरात ओढून बाहेर काढायचा. मग क्लिप उलटी फिरवायची. नटाने अभिनय पण उलटा करायचा, आधी किंचाळलेलं तोंड, मग डोळे विस्फारलेले, मग एकदम शांत. याची आरशासमोर तालीम करायला लावा, पहिल्यांदा कुणालाच जमत नाही. मागे धूर, टपकणारं पाणी, उडणारा पडदा असलं काही ठेवू नका, तेवढ्यावरून चोरी पकडली जाते. संवाद नंतर वेगळे घ्या.

रक्त

हा सगळ्यात आवडीचा आणि सगळ्यात घाण भाग. तिकडे सगळे कॉर्न सिरप वापरतात, ईव्हिल डेडचं रक्तही त्याचंच. आपल्याकडे केकच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं, तेच काम करतं. साखरेचा पाक करून बघितलाय, दोन तासांत कडेला खडे धरतो आणि वाळला की चकाकतो, त्यामुळे तो फक्त अगदी अडल्यावर.

आमचं माप असं. अर्धा किलो लिक्विड ग्लुकोजला साधारण अर्धी वाटी कोमट पाणी. आधी त्या पाण्यात दीड चमचा कोको पावडर गुठळ्या राहणार नाहीत अशी घोटायची, मग एक चमचा खायचा लाल रंग, मग ग्लुकोज. आपल्याकडचा लाल रंग कॅमेऱ्यात गुलाबीकडे झुकतो, सरबतासारखा दिसतो, म्हणून निळा रंग टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच. जास्त झाला की जांभळं. रक्त गढूळ दिसायला हवं असेल तर चमचाभर दूध पावडर. पांढऱ्या बशीत ओतून मोबाइलमधून बघा, नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. हे तोंडात गेलं तरी चालतं. कपड्यांवर सांडायचं जे वेगळं रक्त आहे त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब घाला, धुताना डाग बराच सुटतो, पण ती बाटली वेगळी ठेवून वर मोठ्या अक्षरात लिहा की तोंडात घ्यायचं नाही. रंग कातडीवर एक-दोन दिवस राहतो, तेव्हा सोमवारी कुणाचा इंटरव्ह्यू असेल तर त्याला रविवारी मारू नका. नव्या नटाच्या मनगटावर आदल्या दिवशी थेंब लावून बघा, खाज सुटली तर थांबा.

बादलीभर पाहिजे असेल तर ग्लुकोज परवडत नाही. तेव्हा कॉर्नफ्लोअर पाण्यात शिजवून पातळ खळ करायची आणि त्यात तोच रंग, अंगावर ओतायला मस्त. पीटर जॅक्सनने न्यूझीलंडमध्ये 1992 च्या ब्रेनडेडमध्ये रक्ताचे जे पाट वाहवलेत ते बघितल्यावर कळतं की रक्त एका मर्यादेपलीकडे गेलं की किळस संपते आणि हसू सुरू होतं. थोडं रक्त म्हणजे जखम, खूप रक्त म्हणजे विनोद, आणि मधलं प्रमाण सगळ्यात वाईट, ते नुसतं घाणेरडं दिसतं.

एक गोष्ट कोणत्याही परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत. मुंग्या. पहिल्या वर्षी रात्री अकराला शूट संपवून आम्ही तसेच झोपलो आणि सकाळी ओटीपासून माजघरापर्यंत तांबड्या मुंग्यांची रांग, गादीत पण शिरलेल्या. सांडलं की लगेच गरम पाण्याने पुसायचं, रक्ताचे कपडे बाहेर दोरीवर नाही तर पाण्याच्या बादलीत, आणि शिल्लक रक्त फ्रिजमध्ये.

जखमेतून रक्त उडवायला सुई नसलेली 50 मिलिलिटरची सिरिंज आणि फिशटँकची एअर पाइप. पाइप बाहीतून आणून कॅमेऱ्यापासून लांबच्या अंगाला टेपने चिकटवायची. टेक घ्यायच्या आधी रक्त पाइपच्या अगदी टोकापर्यंत आणून थांबवायचं, हे फार महत्त्वाचं आहे. पाइपमध्ये हवा राहिली तर दट्ट्या दाबल्यापासून रक्त यायला सेकंदभर लागतो, आधी फुर्र असा आवाज येतो, आणि तेवढ्यात नटाचं किंचाळणं संपलेलं असतं. हॉररमध्ये हा सेकंद कदाचित खपेल, विनोदात सगळा शॉट वाया. नळीसाठीचं रक्त थोडं पातळ करा.

तुटलेला हात, बाहुला आणि हलणाऱ्या वस्तू

दुसऱ्या ईव्हिल डेडमध्ये नायकाचा स्वतःचाच हात त्याच्यावर उलटतो आणि त्याच्याच डोक्यावर बशा फोडतो. तो प्रसंग परत परत बघा. त्यात जवळजवळ काहीच इफेक्ट नाही, एक नट आणि त्याचा हात, बाकी सगळी त्या नटाची मेहनत. त्यामुळे खर्च करायच्या आधी हे विचारा की हे नुसत्या अंगाने करता येतंय का.

तुटलेला हात टेबलावर चालवायचा असेल तर जुन्या प्लायला कोपर जाईल एवढं भोक पाडा, वर खालपर्यंत लोंबणारी चादर, चादरीला भोकाशी चीर, खाली माणूस. मनगटाभोवती चिरीचा कापड चुण्या करून लपवायचा आणि तुटलेल्या टोकाचं मांस जिलेटिनचं करायचं. जिलेटिन, ग्लिसरीन आणि पाणी सारख्या मापात घेऊन गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचं, कोमट झाल्यावर स्वतःच्या मनगटावर तपासून मगच दुसऱ्याला लावायचं. जिलेटिन जनावरांपासून बनतं, आमच्यातल्या एकीला चालत नाही, तेव्हा विचारून घ्या, तिच्यासाठी आम्ही टिश्यू पेपर आणि लिक्विड लॅटेक्सचे थर देतो, पण लॅटेक्सची पण काहींना ॲलर्जी असते.

बाहुल्याचं म्हणाल तर आपल्याकडे 1993 चा झपाटलेला आहे. महेश कोठारेंच्या त्या सिनेमातला तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांनी केला, आणि लहानपणी तो बघून कपाटाचं दार उघडं ठेवून झोपायची हिंमत नव्हती आमच्यात. आज बघितलं तर लक्षात येतं की बाहुला फ्रेममध्ये आणि लक्ष्मीकांत बेर्डे त्याच्याकडे बघतायत, एवढ्यानेच आपण दोन्ही मानतो, तो जिवंत आहे हे पण आणि ते फसलेत हे पण. बाहुल्याचा शॉट दोन-तीन सेकंदांच्या वर ठेवू नका, कॅमेरा बाहुल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर किंवा त्याहून खाली, आणि आधी फक्त डोळे किंवा मान हलवा. सगळं अंग एकदम हललं की खेळणं दिसतं.

वस्तू हलवायला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा. बारीक घ्या, त्यावर काळा मार्कर फिरवा म्हणजे चमकणार नाही, आणि मागची भिंत गडद ठेवा. दार, कपबशी, कॅलेंडर, मान वाकणारा टेबल लॅम्प, सगळं यावर चालतं. पण तंगूस माणसाच्या मानेच्या उंचीवर कधीच ताणायचा नाही, अंधारात कुणी धावत आला तर कापतो, प्रत्येक टोकाला पांढरा कागद लावा आणि टेकच्या आधी काढा.

शूटचा क्रम आणि गाव

कोरडे शॉट आधी, रक्ताचे शेवटी, हे दरवर्षी कुणीतरी मोडायला बघतं आणि मग ओले केस वाळवत अर्धा दिवस जातो. नायकाला आठवडी बाजारातून एकाच रंगाचे तीन शर्ट घ्या, एक स्वच्छ, एक थोडा माखलेला, एक पूर्ण बरबटलेला. बंद खोलीत धुरासाठी सोडणं पेटवू नका, जीव गुदमरतो, धूर अंगणात करा आणि दारातून आत येऊ द्या. आणि रात्री किंकाळ्यांचं काम असेल तर शेजारपाजारी आणि पोलीस पाटलांना दुपारीच जाऊन सांगून या. एका वर्षी आम्ही सांगितलं नव्हतं, रात्री दहाला वाडीतली आठ-दहा माणसं काठ्या-बॅटऱ्या घेऊन धावत आली, त्यातल्या एका आजोबांना खूप धाप लागली होती आणि ते बघून आम्हाला फार वाईट वाटलं. आता आजोबा स्वतः खुर्ची टाकून शूट बघायला बसतात.

आवाज आणि कट

मोबाइलचा शूटवरचा आवाज फळीच्या शॉटला टाकूनच द्या, त्यात नुसती बुटांची धपधप आणि दोघांची धाप असते. घुमणाऱ्या रिकाम्या हंड्यात तोंड घालून हळू आवाजात लांबलचक हूं काढा, ते अर्ध्या वेगाने वाजवा, भूत तयार. हाड मोडायला शेवग्याची ताजी शेंग मोबाइलजवळ धरून मोडा, दोन-तीन एकदम मोडल्या तर बरगड्या. मांस फाटायला ओला टॉवेल पिळा, डोकं आपटायला कलिंगड.

शेवटी एडिट. भीतीचा शॉट तुम्हाला वाटतं त्याच्यापेक्षा एक सेकंद लांब ठेवा, आणि विनोद मोठ्या फ्रेममध्ये दाखवा, पायापासून डोक्यापर्यंत माणूस दिसला पाहिजे, क्लोजअपमध्ये घसरून पडलेला माणूस नुसता दुखावलेला दिसतो. फळीवरचं भूत धावत धावत नायकाच्या उघड्या तोंडापर्यंत आलं की तिथे संगीत टाकू नका, आवाज पूर्ण बंद करा, दहा-बारा फ्रेम नुसती शांतता, आणि मग मोठ्या फ्रेममध्ये त्याच्यावर बादली.